पायी जाणारी लेन्स

शेगावात राहून फोटोग्राफीचा नाद लावून घेणं हा मुळातच एक छोटासा विनोद आहे. दूरदूरची माणसं गजानन महाराजांच्या समाधीच्या ज्या एका दर्शनासाठी या गावात उतरतात, तिथे फोटो काढायला मनाई. त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही, माझीही नाही. समाधीपुढे उभं राहून जो डोळेच मिटून घेतो त्याला कॅमेऱ्याचं काय? पण त्यामुळे इथल्या हौशी फोटोवाल्याच्या वाट्याला गाभारा सोडून उरलेलं गाव येतं, आणि ते उरलेलं काही थोडंथोडकं नाही. पोथीच्या ओळीखालून बोट सरकवत, ओठांतल्या ओठांत पारायण करणारा एखादा शेतकरी, ज्याचं बोट ओळीच्या शेवटाला येतं तेव्हा ओठ अजून मधेच असतात. पांढऱ्या कपड्यांतला सेवेकरी, जो कलेक्टरलाही ‘माउली’ म्हणतो आणि आईच्या कडेवर रडणाऱ्या पोरालाही. स्टेशनात विदर्भ एक्स्प्रेस शिरली की कचोरीची टोपली सावरत खिडक्यांच्या वेगाने धावणारा विक्रेता, आणि खिडकीतून आधी नोट बाहेर काढावी की आधी कचोरी आत घ्यावी या पेचात अडकलेला प्रवासी. हे सगळं हाताच्या अंतरावर घडतं. लांबून टिपावं असं या गावात फारसं काही नाही. म्हणून कॅमेऱ्याची निवड मला जड गेली नाही. जड गेली ती लेन्सची.

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस आहे. फुल फ्रेम म्हणजे चित्र ज्यावर उमटतं तो सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच एवढा आयत. एवढ्याशा आयताला ‘फुल’ का म्हणायचं, याचं उत्तर जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक नावाच्या यंत्रकाराच्या छातीत आहे. बार्नाकला दम्याचा त्रास होता आणि फोटोंची हौस होती. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे पेटारे आणि तिकाटणं घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. तेव्हा त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती उभी धावायची ती आडवी धावायला लावली, सिनेमाची चौकट दुप्पट केली आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा स्वतःसाठी बनवला. तोच पुढे १९२५ मध्ये लायका म्हणून बाजारात आला. शंभर वर्षं जग ज्या मापाला प्रमाण मानत आलं, ते एका दमेकऱ्याला चढावर जेवढं उचलवलं तेवढं माप आहे. हे कळल्यापासून माझ्या मनातली ‘व्यावसायिक’ लेन्सची भीड बरीच कमी झाली. मोठ्या लेन्सा घेऊन हिंडणारे लोक मूळ पुरुषाच्या इच्छेविरुद्ध वागताहेत, असं म्हणायला मला एक आधार मिळाला.

२०१३ मध्ये सोनीने हाच आयत बिनआरशाच्या कॅमेऱ्यात बसवला. आरसा गेला, तो हलायला लागणारी जागा गेली, आणि कॅमेरा चपटा झाला. लेन्स जिथे अडकते तिथून सेन्सरपर्यंत आता फक्त १८ मिलिमीटर अंतर उरलं. पुढे इतर कंपन्याही आल्या आणि कॅमेरे हुशार होत गेले. आजचा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो, डावा की उजवा ते विचारतो, मांजराचा ओळखतो, पक्ष्याचा ओळखतो आणि डोळ्याला एकदा चिकटला की सोडत नाही. एवढी विद्या ज्याच्या अंगी आहे असा कॅमेरा घ्यायचा, आणि त्याला अशी लेन्स लावायची की जिच्यात मोटरच नाही. फोकस आपण हाताने कडं फिरवून लावायचा. हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोळी लाटता लाटता ही थांबली आणि म्हणाली, “म्हणजे ते आपोआप होत होतं ते तुम्ही बंद केलं?” मी हो म्हणालो. “मंग कायले घेतला?”

या प्रश्नाला फोटोग्राफीच्या पुस्तकांत उत्तर नाही. खामगावच्या रस्त्यावर आहे. श्रींची, म्हणजे गजानन महाराजांची, पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. परतीचा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव असा सोळा-सतरा किलोमीटरचा. त्या दिवशी या रस्त्याने एवढी माणसं पालखीसोबत चालतात की रस्ता दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. यांतल्या कितीतरी जणांच्या दारात गाडी उभी असते. खामगावहून जलंबला आणि तिथून शेगावला आगगाडीही येते. त्यांना कुणी विचारत नाही की वाहन असताना चालता कशाला. उलट, तळपायाला फोड आला का, एवढंच विचारतात, आणि आला म्हटलं की समाधानाने मान हलवतात. मी हिला एवढंच म्हणालो की ही लेन्स पायी जाणारी आहे. पोळी पुन्हा सुरू झाली. पटलं असं नाही; पण वारीचं नाव आलं की वऱ्हाडात वाद पुढे नेत नाहीत.

तर लेन्स हवी होती ती याच रस्त्यासाठी. सोळा-सतरा किलोमीटर गळ्यात अडकवून चालायचं म्हणजे वजनाचा विचार आधी. चोवीस ते सत्तर मिलिमीटरचा जो मोठा झूम लग्नवाले वापरतात, त्याची सोनीची पहिली आवृत्ती ८८६ ग्रॅमची होती. तेवढं गळ्यात घालून चालणारा माणूस फोटो काढायला निघालाय की प्रायश्चित्त घ्यायला, हे मागून कळत नाही. पण वजनापेक्षा मोठी अडचण वेगळीच. मोठी लेन्स समोर आली की समोरचा माणूस बदलतो. एकदा मित्राचा तसला झूम लावून मी एका म्हाताऱ्या वारकऱ्याकडे वळलो. बुवा छान बसले होते, एका हाताने पाय चेपत, दुसऱ्या हातात केळं. झूम बघताच केळं गेलं पिशवीत, टोपी सरळ झाली, टाळ आले हातात, आणि नजर क्षितिजावर लागली. फोटो काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कोन्त्या पेपरात येईन जी हे?” पेपरात येणार नाही म्हणताच त्यांनी केळं परत बाहेर काढलं. मला जे हवं होतं ते तेच केळं होतं. पुढे छोटी, काळी, कड्यांची लेन्स लावून तशाच दुसऱ्या एका गृहस्थांपुढे बसलो, तर ते कॅमेऱ्याकडे थोडा वेळ बघून कनवाळूपणे म्हणाले, “जुना दिसते. चालते का अजून?” आणि पाय चेपत राहिले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवत असे म्हणतात. आपण कुणी नाही असं दिसावं म्हणून. शेगावात त्याला पट्टी लागली नसती, एक लहान लेन्स पुरली असती. या गावात येऊन कुणी नसणं सोपंच आहे. डॉक्टर, वकील, दुकानदार सेवेच्या पाळीवर येतात, पांढरे कपडे घालतात आणि पत्रावळी उचलतात. त्यांना कुणी डॉक्टरसाहेब म्हणत नाही.

लहान लेन्स लहान कशी होते, यामागचा हिशेब साधा आणि निष्ठुर आहे. लेन्सच्या तोंडाशी दिसणाऱ्या भोकाचा व्यास म्हणजे तिचं मिलिमीटरमधलं नाभीय अंतर भागिले एफचा आकडा. पन्नासची एफ/१.४ लेन्स घेतली तर भोक जवळजवळ ३६ मिलिमीटरचं, तीच एफ/२.८ केली तर १८ चं. भोक अर्धं झालं की काच लहान, पितळ कमी, वजन कमी. अंधारात फोटो काढायची ऐपत मात्र दोन पायऱ्या खाली उतरते. म्हणजे लहान लेन्स निवडणं हे अंधार सोडून देणं असतं. मी म्हटलं, सोडू. पालखी उजेडात येते आणि अंधारातलं शेगाव झोपलेलं बरं दिसतं. शिवाय आजच्या सेन्सरला अंधारातही बरंच दिसतं. गेलीच तर थोडी कडांची धार जाते, कोपऱ्यात जरा काळोखी येते. वारकऱ्यांच्या गर्दीत कोपऱ्याला कोण उभं होतं हे तपासायला कुणी येत नाही.

एवढं ठरवून मी याद्या करायला बसलो आणि इथून पुढे माणूस कसा वाहवतो ते सांगण्यासारखं आहे. पहिलं मोहाचं नाव फोक्टलेंडर. हे घराणं व्हिएन्नात १७५६ मध्ये सुरू झालं, म्हणजे पानिपताच्या पाच वर्षं आधी. सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघायचे होते तेव्हा तिकडे ही मंडळी भिंगं घासत होती, या विचाराने मी उगाचच एक दिवस भारावून होतो. मग कळलं की आताच्या लेन्सा जपानात कोसिना नावाचा कारखाना बनवतो. त्याने हे नाव १९९९ पासून चालवलं आहे. हाच कारखाना एके काळी निकॉनचा एफएम १० आणि ऑलिंपसचा ओएम २००० दुसऱ्यांच्या नावाने बनवून द्यायचा. स्वतः मागे राहून दुसऱ्याचं नाव पुढे करणाऱ्या कारखान्याबद्दल शेगावकराला आपुलकी वाटली तर नवल नाही. त्यांची लायका बैठकीची, म्हणजे लायकाच्या कॅमेऱ्यावर अडकणारी, ३५ ची एफ/२.५ कलर-स्कोपार १३४ ग्रॅमची आहे. सोनीसाठी थेट बनवलेली २१ ची एफ/३.५ त्याहून जड, पण तिच्यात विजेचे संपर्कबिंदू आहेत, म्हणजे कडं हलवताच कॅमेरा आपणहून चित्र मोठं करून दाखवतो. त्सायसच्या लोक्सिया मालिकेतही तीच सोय. ३५ ची एफ/२ लेन्स ३४० ग्रॅम. जुन्या बिनसंपर्काच्या लेन्सला हे काही कळत नाही. तिथे आपणच बटण दाबायचं, चित्र मोठं करायचं, फोकस लावायचा, पुन्हा लहान करायचं. तोवर वारकरी पुढच्या फाट्याला पोचलेला असतो.

लायकाच्या रुंद लेन्सांना आणखी एक खोड आहे. त्या सेन्सरच्या फार जवळ बसतात आणि कोपऱ्यांवर उजेड तिरका टाकतात. फिल्मला त्याचं काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र काचेचा एक थर असतो, सोनीच्या कॅमेऱ्यांत तो जरा जाडच. तिरका किरण त्या काचेतून जाताना वाकतो आणि कोपऱ्यातलं गवत लोण्यासारखं पसरतं. ३५ च्या पुढे हा त्रास फारसा जाणवत नाही, २८ ला थोडा जाणवतो, २१ ला बोलायला लागतो. म्हणून फार रुंद हवी असेल तर कॅमेऱ्यासाठीच बनवलेली घ्यावी, हे माझं ठाम मत.

दुसरा मोह जुन्या लेन्सांचा. ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांनी १९७२ मध्ये ओएम मालिका आणली ती कॅमेरे लहान व्हावेत या एकाच हट्टापायी. त्यातली पन्नासची एफ/१.८ झुइको हातात घेतली की वाटतं, इतक्या लहान वस्तूत एवढा शहाणपणा मावतो कसा. ती कमी पैशात मिळते. पण ती बनवली आरशाच्या कॅमेऱ्यासाठी, जिथे लेन्स ते फिल्म अंतर ४६ मिलिमीटर होतं. माझ्या कॅमेऱ्यात ते १८. म्हणजे मधलं २८ मिलिमीटर अंतर कुणीतरी भरून काढायला हवं, आणि ते काम ॲडाप्टर करतो. ॲडाप्टरमध्ये काय असतं? काही नसतं. दोन्हीकडे कड्या असलेली ती एक नळी आहे आणि तिच्या आत हवा आहे. एके काळी जिथे आरसा हलत असे ती जागा आता आपण वेगळी विकत घेतो. कुरिअरने ती नळी आली तेव्हा मी खोक्यातून काढून डोळ्याला लावली आणि तिच्यातून घराचं दार बघितलं. दार तसंच होतं. ही म्हणाली, “यातलं काचेचं पडलं वाटतं वाटेत.” पोकळीचे पैसे मोजून दिले आहेत, हे मला तिला नीट समजावता आलं नाही. संतसाहित्याचा अभ्यास असता तर कदाचित आलं असतं.

या नळीपायी कॉम्पॅक्ट लेन्स कॉम्पॅक्ट राहत नाही, हे जुन्या लेन्स घेणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. लायका बैठकीला दहा मिलिमीटरची नळी पुरते. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या बहुतेक लेन्सांना साधारण २४ ते २९ ची लागते. टेबलावर ठेवलेली लेन्स पाहून किंमत करू नये, कॅमेऱ्यावर चढवून करावी.

तरीही मी एक जुनी लेन्स ठेवली आहे, आणि तिचा या हिशेबाशी काही संबंध नाही. अकोल्याच्या मामांकडे झेनिट होता. तो रशियन कॅमेरा इतका जड होता की मामा त्याला ‘उचला’ म्हणत, ‘आणा’ म्हणत नसत. त्याच्यावर हेलिओस ४४, म्हणजे ५८ मिलिमीटर, एफ/२. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या त्सायस बायोटारवरून रशियनांनी बेतलेली लेन्स. मामा घरच्या प्रत्येक कार्यात सगळ्यांना ओसरीवर बसवत आणि म्हणत, “हलू नका.” मग कडं डावीकडे जायचं, उजवीकडे यायचं, पुन्हा डावीकडे. पहिल्या मिनिटात सगळे हसरे असत. दुसऱ्या मिनिटात हसू गळून पडे. तिसऱ्यात आजोबांना आपली जमीन आठवत असे आणि आत्याला तिचं सासर. फोटो निघे तो त्यानंतर. आमच्या घराण्यात सगळे शांत, सोशिक आणि थोडे विचारमग्न होते, असा समज पुढच्या पिढ्यांचा त्या अल्बमवरून झाला आहे. ती सगळी मामांच्या फोकसची करामत. हेलिओसची एक सवय आहे: पूर्ण उघडी असली की मागची पानं-फांद्या वर्तुळात फिरल्यासारख्या दिसतात. मामींच्या एका फोटोत त्यांच्यामागचं कडुनिंबाचं झाड असं गरगर फिरतं आहे आणि मामी मधोमध स्थिर बसल्या आहेत. मामांनी तो फोटो बिघडलेला म्हणून अल्बमच्या मागे खोचून ठेवला होता. आता जगभरची तरुण मंडळी खास तेवढ्यासाठी ही लेन्स शोधत हिंडतात. मामी असत्या तर म्हणाल्या असत्या की झाड फिरत नव्हतं, मी फिरत होते, सकाळपासून. तेवढीच बसले होते.

वऱ्हाडात जुनी लेन्स घेताना एक गोष्ट बघून घ्यावी लागते, ती म्हणजे तेल. कडं जे फिरतं ते आत बारीक आट्यांवर फिरतं, आणि त्या आट्यांना वंगण लावलेलं असतं. ते लावणाऱ्या माणसाने अकोल्या-शेगावचा मे महिना पाहिलेला नसतो. पंचेचाळीस अंशांत ते वंगण पातळ होतं आणि हळूहळू भोक लहानमोठं करणाऱ्या ॲपर्चरच्या पात्यांवर येऊन बसतं. लेन्स उजेडाकडे धरून, एफ/१६ वर पाती मिटवून बघावी. पाती कोरडी दिसली पाहिजेत. त्यांच्यावर कचोरीच्या कागदावर उमटतो तसा तेलकट डाग दिसला, तर किंमत पाडून मागावी. पावसाळ्यात उलटा धोका, काचेत बुरशीची कोळिष्टकं. बंद कपाटात कातडी पिशवीत जपून ठेवलेली लेन्स हमखास बिघडते. रोज बाहेर फिरणारी बिघडत नाही. आणखी एक: निकॉनचं कडं लायकाच्या उलट दिशेने फिरतं. दोन्ही घराण्यांच्या लेन्सा एकत्र नांदवल्या तर बोटांना रोज नव्याने सांगावं लागतं की आज कुणाकडे आहोत.

आता फोकस प्रत्यक्ष लागतो कसा? या कॅमेऱ्यांत पीकिंग म्हणून सोय आहे. जी कड धारदार झाली ती रंगाने चमकते. रंग आपण निवडायचा. लाल निवडला. खामगावच्या रस्त्यावर सगळीकडे भगव्या पताका. लाल त्यात विरून गेला. पांढरा निवडला, तर टोपी, सदरा, धोतर सगळंच आधीपासून पांढरं. संपूर्ण दिंडीच फोकसमध्ये असल्यासारखी झळाळली. पिवळा घेतला, तेवढ्यात झेंडूचे हार आले. निळा काही कॅमेऱ्यांत असतो, माझ्यात नाही. ही सोय ज्याने तयार केली त्याने करड्या कोटांची गर्दी डोळ्यांपुढे ठेवली असावी.

शेवटी पीकिंग बंद केलं आणि बार्नाकच्या काळचा उपाय धरला. लहान लेन्सवर मीटरचे आकडे कोरलेले असतात. २८ ची लेन्स एफ/८ वर ठेवली आणि फोकस सव्वातीन मीटरच्या खुणेवर नेऊन सोडून दिला, तर साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ ला हीच खूण पाच मीटरवर जाते आणि स्पष्टता अडीच मीटरपासून सुरू होते. पन्नासला दहा मीटरवर, म्हणजे जवळचं माणूस हातातून गेलं. आकडे बरोबर आहेत, पण सव्वातीन मीटर म्हणजे किती हे चालताना कळायचं कसं? त्याचं माप मला रस्त्यातच मिळालं. साष्टांग नमस्कार घालणारा माणूस हात पुढे ताणले की दोन मीटरच्या थोडा वर भरतो. सव्वातीन मीटर म्हणजे दीड नमस्कार. हे एकदा डोळ्यात बसलं की आकड्यांची गरज राहत नाही. अंतर बघायला डोळा, ते राखायला पाय. कड्याला हात लावायचा नाही. इतकी खटपट करून निवडलेली हाताने फोकस लावायची लेन्स, आणि तिचा उत्तम उपयोग हा की फोकस लावायचाच नाही! हे घरी अजून सांगितलेलं नाही.

१९४६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला गेली, तेव्हा तिला आधी चरखा चालवायला शिकायला लावलं होतं. सूत काढता येत नाही तर सूत काढणाऱ्याला काय समजणार, असा गांधीजींच्या मंडळींचा बिनतोड सवाल. फ्लॅशचे बल्ब तीनच वापरायची परवानगी. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्यावर तो फोटो मिळाला. खामगावच्या रस्त्यावर असला नियम कुणी लावत नाही. चालणारा तो आपसूकच पाळतो. चार-पाच किलोमीटर झाले की टाळांच्या ठेक्यात आपलं पाऊल पडायला लागतं, शेजारचा बुवा गाव विचारतो, कुणीतरी पुढे केलेला चहाचा कप हातात येतो, आणि कॅमेरा पोटावर लोंबत राहतो. त्यानंतरचे फोटो आधीच्या फोटोंपेक्षा निराळे येतात. लेन्स तीच असते.

आणि पाहण्याची गोष्ट निघालीच आहे तर या गावाची सुरुवातच पाहण्यातून झाली. २३ फेब्रुवारी १८७८ चा दिवस. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाणारा एक तरुण. त्या रस्त्याने तेव्हाही माणसं जातयेत असणारच. पोथी सांगते की थांबून नीट पाहिलं ते बंकटलाल आणि दामोदरपंत या दोघांनी. गजानन महाराजांची पहिली ओळख गावाला झाली ती तशी. त्या दोघांच्या हाती काही यंत्र नव्हतं, आणि मध्ये अंतर असेल ते असेच काही हात. डोळा ओळखणारं जे तंत्र आज कॅमेऱ्यात आहे, त्याने त्या वेळी रस्त्यावरचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात स्वच्छ चेहरा पकडला असता, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

तेव्हा कुणी विचारलंच तर माझा निवाडा असा. पन्नास फार लांबून बोलते. एकवीस सगळ्यांना एकदम बोलावते आणि कुणाशीच बोलत नाही. पस्तीस चांगली, स्वभावाने समतोल, वजनाला हलकी. गावात, स्टेशनवर, घरात तिच्यासारखी दुसरी नाही. पण पालखीच्या रस्त्यासाठी अठ्ठावीस, एफ/२.८ पुरे, एफ/२ चा मोह नको. जुनी हेलिओस मामांसाठी ठेवा, म्हणजे ज्याच्या त्याच्या मामांसाठी. दुसरी लेन्स पिशवीत घालू नका. त्या जागेत पाण्याची बाटली मावते आणि रेनकोटही. श्रावणात परतीची पालखी येईल तेव्हा या. एफ/८ वर ठेवा, सव्वातीन मीटरवर खूण लावा, आणि खामगावहून पहाटे पालखीबरोबरच निघा. उजाडल्यावर गर्दी अशी वाढते की रस्त्यात दीड नमस्काराची जागा मिळत नाही.